पशुवैद्यकीचा अभ्यास आणि विषयांची निवड

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या विद्यार्थी-पालक सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या वर्षी धर्मगुरूने धर्मग्रामाचा पूर्वेतिहास सांगावा व मागील धर्मगुरूंचे कृतज्ञतेने स्मरण करावे, अशी रीत आहे. ते कार्य या सप्ताहात इतर वक्ते माझ्याहून अधिक योग्य रीतीने करणार आहेत. मजकडे चालकांनी विद्यार्थ्यांस चार शब्द सांगण्याचे काम सोपविले आणि विषयाची निवड माझ्यावर ठेविली. मी निवडलेला विषय फलकावर वाचून काही पालकांच्या कपाळास आठ्या पडल्या, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. दहावीची परीक्षा उतरलेल्या ज्या मुलामुलींस गुरांचे डॉक्टर व्हावयाचे असेल त्यांनी पुढील दोन वर्षांत कोणते विषय घ्यावेत, एवढाच तो विषय आहे. एवढ्याशा गोष्टीवर भाषण ते काय करावयाचे, असे कोणी म्हणेल. परंतु या एवढ्याशा गोष्टीपायी एका मुलाचे दार कायमचे बंद झालेले मी याच गावी पाहिले आहे. ती हकीकत पुढे ओघाने येईल.

प्रथम आपण कोठे राहतो ते पाहावे. पंचगंगा कृष्णेस मिळते ती जागा आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. पलीकडे नरसोबाची वाडी, सभोवार ऊस, आणि ज्याच्या नावे गुंठाभर जमीन नाही त्याच्याही दारी एखादी म्हैस किंवा दोन शेळ्या. सकाळी मी पवित्र मिस्सासाठी घंटा वाजवितो त्याच सुमारास दूध संस्थेपुढे किटल्यांची रांग लागते. आणि खरे सांगावयाचे तर कित्येक श्रावक आधी त्या रांगेत उभे राहून मग इकडे येतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. कोल्हापूर जिल्ह्याचा दूध संघ १९६३ साली स्थापन झाला. तेव्हापासून या मुलखातील गरिबाच्या घरात दर दहा दिवसांनी जो पैसा येतो तो बव्हंशी म्हशीच्या कासेतून येतो. मुलांची फी त्यातून भरली जाते, आणि आपल्या या मंदिराच्या वर्गणीतील किती रुपये त्या कासेतून आले असतील, याचा हिशेब कोणी केलेला नाही.

आणि तोच पैसा एका रात्रीत बुडतो. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर आपणांपैकी लहान मुलांखेरीज सर्वांनी पाहिले आहेत. माणूस नावेत बसतो. म्हैस नावेत बसत नाही. दावणीची जनावरे सोडून जावयाचे नाही म्हणून पाणी उंबऱ्यास लागेपर्यंत घर न सोडणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांस मूर्ख म्हणण्याचे धाडस मला झाले नाही. पाणी ओसरल्यावर खरी परीक्षा सुरू होते. वैरण कुजलेली, खुरे चिखलात सडलेली, आणि घटसर्पाची भीती. पुढे २०२२ साली गाईबैलांच्या अंगावर गाठी आणणारा तो लंपी नावाचा रोग महाराष्ट्रभर पसरला. या प्रत्येक प्रसंगी सारे गाव ज्याच्या वाटेकडे डोळे लावून बसले तो मनुष्य एकच होता. आपल्या धर्मग्रामाने परिचारिका दिल्या, शिक्षक दिले, धर्मभगिनी दिल्या. त्याबद्दल देवाचे आभार मानावे तितके थोडे आहेत. परंतु गुरांचा डॉक्टर आपण अद्याप एकही दिलेला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अमेरिकेत ज्यास पशुवैद्य व्हावयाचे असते तो शाळेनंतर बहुधा चार वर्षे सामान्य महाविद्यालयात काढतो आणि मग पशुवैद्यकाच्या चार वर्षांच्या शिक्षणक्रमास अर्ज करितो. त्या पहिल्या चार वर्षांत आवश्यक विषयांच्या जोडीस ऐच्छिक विषय निवडण्यास त्यास पुष्कळ मोकळीक असते. कोणी जनावरांचे पोषण घेतो, कोणी आनुवंशिकी, कोणी संख्याशास्त्र, कोणी वक्तृत्वदेखील घेतो; चुकले तर पुढील सत्रात सुधारतो. आपल्याकडे ही सोय नाही. येथे बारावीनंतर एकदम साडेपाच वर्षांच्या पदवीस प्रवेश मिळतो: साडेचार वर्षे अध्ययन व एक वर्ष प्रत्यक्ष कामाची उमेदवारी. काळ वाचतो हे खरे. पण तेथील मुलगा विसाव्या-एकविसाव्या वर्षी जी निवड करितो ती आपल्या मुलास पंधराव्या-सोळाव्या वर्षी, जून महिन्यातल्या एका दुपारी, कनिष्ठ महाविद्यालयाच्या खिडकीपुढे उभे राहून करावी लागते. तीही बहुधा रांगेतील मित्राने काय लिहिले ते पाहून!

आता ती हकीकत. नाव सांगत नाही; मुलगा आज चांगल्या नोकरीस आहे. लहानपणापासून त्यास जनावरांचा लळा. शेजारच्या म्हशीची वार अडकली तर हा डॉक्टरांच्या मागे पाण्याची बादली घेऊन उभा. दहावीस गणितात उत्तम गुण मिळाले, तेव्हा कोणीतरी हितचिंतकाने त्याच्या वडिलांस सांगितले की गणितात हुशार असलेल्या मुलाने जीवशास्त्र घेऊन वेळ दवडू नये. मुले ज्यास ‘ए ग्रूप’ म्हणतात तो घ्यावा. घरात विचारावयास दुसरे कोणी नव्हते. मुलाने जीवशास्त्र सोडले. बारावी होऊन निकाल हाती आल्यावर त्यास कळले की ज्या दारापुढे तो लहानपणापासून उभा होता त्याची किल्ली त्याने दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या सहीने परत केली आहे. तो माझ्याकडे आला तेव्हा मजजवळ सांत्वनाखेरीज देण्यासारखे काही नव्हते.

म्हणून नियम एकदा स्वच्छ सांगतो. पालकांनी कागदावर टिपून घ्यावे. भारतीय पशुवैद्यक परिषद या वैधानिक संस्थेने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे चार विषय असावेच लागतात, आणि सर्वसाधारण उमेदवारास या चारांत मिळून निदान शेकडा ५० गुण पाहिजेत. प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण झाली पाहिजेत. याशिवाय माणसांच्या डॉक्टरकीस जी ‘नीट’ नावाची परीक्षा आहे तीच येथेही द्यावी लागते. नाव ऐकून ती मराठी वाटते, आणि मराठीत देण्याची सोयही आहे. परंतु नावाइतकी ती सरळ नाही. ७२० गुणांपैकी निम्मे, म्हणजे ३६०, एकट्या जीवशास्त्राचे. उरलेले भौतिक व रसायन यांत समसमान वाटलेले. उत्तर चुकले तर एक गुण वजा होतो. आपल्या राज्यात हे शिक्षण नागपूर येथे मुख्य ठाणे असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. हे विद्यापीठ २००० साली स्थापन झाले. त्याची महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आदी ठिकाणी आहेत. मुंबईचे परळ येथील सर्वांत जुने, १८८६ सालचे. आपणांस जवळचे म्हणजे सातारा जिल्ह्यातील शिरवळचे. पुण्याकडे जाताना महामार्गावरच लागते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ‘नीट’ दिली म्हणजे सर्व झाले असे समजू नये. निकालानंतर या विद्यापीठाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, आणि शेकडा १५ जागा अखिल भारतीय वाट्याच्या असतात त्यांचा अर्ज आणखी वेगळा. मुदत चुकली तर गुणांचा काही उपयोग होत नाही.

एवढे झाले नियमांचे. परंतु नियमात आहेत म्हणून विषय घेणे आणि ते कशासाठी आहेत हे समजून घेणे, यांत फार अंतर आहे. एक उदाहरण देतो. आपल्या वस्तीतील एका विधवा भगिनीची म्हैस विऊन दोन दिवस झाले होते. सकाळी ती उठेना. कान थंड, मान वळवून कुशीवर टाकलेली, डोळ्यांत तेज नाही. घरात रडारड सुरू झाली. जनावर दगावणार म्हणून मला प्रार्थनेस बोलाविले; मी गेलो, आणि जाताना सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांस घेऊन गेलो. त्यांनी हात लावताच सांगितले, हा दुग्धज्वर. नाव ज्वर, पण अंगात ताप नसतो. विल्यानंतर दूध एकाएकी कासेत उतरते, त्याबरोबर रक्तातील कॅल्शियम निघून जाते, आणि कॅल्शियमावाचून स्नायू चालत नाहीत. त्यांनी मानेच्या शिरेतून औषधाची बाटली लाविली. मात्र एका हाताने नळी धरून दुसऱ्या हाताने छातीशी नळी लावून सर्व वेळ हृदयाचे ठोके ऐकत राहिले. मी विचारले, एवढा वेळ का? ते म्हणाले की हेच औषध घाईने सोडले तर हृदय थांबते. बाटली संपल्यावर थोड्याच वेळाने म्हशीने शेण टाकले, अंग झाडले आणि ती उठली. त्या भगिनीने डॉक्टरांचे पाय धरले. आमची प्रार्थनाही झाली, पण ती आभाराची झाली.

आता या एका प्रसंगात कोणकोणते विषय आले ते पाहा. कॅल्शियम काय करिते हे रसायनशास्त्र. ते हृदयास व स्नायूस का लागते हे जीवशास्त्र. जनावराच्या वजनावरून औषधाचे मान काढणे हे गणित. शिरेत थेंब किती वेगाने पडावेत आणि बाटली किती उंच धरावी, हे भौतिकशास्त्र. आणि ती म्हैस मुळात का पडली? डॉक्टरांनी वैरणीकडे बोट दाखविले. गोठ्यात नुसते उसाचे वाढे. आपल्याकडे गळीत हंगामात जिकडे तिकडे वाढेच घालतात, कारण ते स्वस्त पडतात. त्यांत ऑक्झालेट नावाचे द्रव्य असते. ते कॅल्शियमास धरून ठेविते व जनावराच्या अंगी लागू देत नाही. म्हणजे वनस्पतिशास्त्रही आले! जनावरांचा डॉक्टर व्हावयाचे तर झाडपाला कशाला शिकावयाचा, असे म्हणून जीवशास्त्रातील वनस्पतींचा भाग वगळणारी मुले मला ठाऊक आहेत. त्यांनी ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन तडफडणारी गाय एकदा पाहावी. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे आहेत आणि त्यांत जावयाचे ते सर्व वनस्पतीच आहे.

गणिताविषयी थोडे अधिक सांगतो, कारण येथेच मतभेद आहे. पशुवैद्यकाच्या प्रवेशास गणित लागत नाही. म्हणून पुष्कळ मुले ते सोडून दुसरा सोपा विषय घेतात, आणि ज्यास दोन्ही झेपत नाहीत त्याने तसे करण्यास माझी हरकत नाही. जीवशास्त्र गमावण्यापेक्षा गणित गमावलेले बरे. परंतु ज्यास झेपेल त्याने ते ठेवावे. सेमिनरीत असताना आम्हांस ग्रेगोर मेंडेल यांचे नाव अभिमानाने सांगितले जात असे. हे ब्रनो येथील ऑगस्टीनपंथी मठातील धर्मगुरू. वाटाण्याची रोपे लावून आनुवंशिकतेचे नियम त्यांनी शोधले आणि १८६५ साली विद्वानांपुढे मांडले, हे शाळेच्या पुस्तकातही असते. पुस्तकात सहसा नसते ते हे की, त्यापूर्वी त्यांच्या वरिष्ठांनी त्यांस व्हिएन्नाच्या विद्यापीठात शिकावयास पाठविले होते, आणि १८५१ ते १८५३ या काळात त्यांनी तेथे वनस्पतिशास्त्राच्या जोडीस भौतिकशास्त्र व गणित यांचाही अभ्यास केला. वाटाण्याचे संकर त्यांच्या आधी इतरांनीही केले होते. गुळगुळीत दाणे किती व सुरकुतलेले किती, हे पिढ्यान् पिढ्या मोजून त्यांचे प्रमाण तीनास एक येते असे लिहून ठेवणारा मनुष्य हाच. मोजण्याची सवय त्यांस बागेत लागली नाही, भौतिकशास्त्राच्या वर्गात लागली. जगाने त्यांस १९०० साली ओळखले. तोवर त्यांस देवाघरी जाऊन १६ वर्षे झाली होती. आज कोणत्या वळूचे रेत वापरले असता कालवडी अधिक दूध देतील हे ज्या शास्त्राने ठरते त्याचा पाया त्या मठाच्या परसात आहे. पशुवैद्यकाच्या पदवीत पैदासशास्त्राबरोबर संख्याशास्त्र शिकवितात. गणित सोडून गेलेली मुले तेथे अडखळतात.

इंग्रजीची गोष्ट उघड आहे. पदवीचे अध्यापन व ग्रंथ इंग्रजीत असतात, सबब ती पक्की हवी. परंतु मराठीविषयी मला अधिक बोलावयाचे आहे. अधिक गुणांच्या आशेने बारावीस मराठी सोडून दुसराच विषय घेण्याची चाल पडली आहे. जनावर आपली व्यथा बोलून दाखवीत नाही. त्याची व्यथा धनी सांगतो, आणि धनी मराठीत सांगतो. ‘आंबोण टाकते’, ‘सड दगडावलाय’, ‘खांदा आलाय’ हे शब्द ज्यास कळत नाहीत त्याचा अर्धा वेळ दुभाष्या शोधण्यात जाईल. कारखान्याच्या हंगामात उसाच्या गाडीचे बैल खांद्याने व खुरांनी जायबंदी होतात. त्यांच्या धन्यास चार दिवस गाडी जोडू नको हे पटवून देणे सुई टोचण्यापेक्षा कठीण आहे, कारण चार दिवसांची मजुरी बुडते. दूध देणाऱ्या म्हशीस प्रतिजैविक औषध टोचल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उलटेपर्यंत दूध संस्थेस घालू नये, हे सांगणे तर त्याहून कठीण. पदवीच्या शिक्षणक्रमात विस्तार शिक्षण म्हणून एक स्वतंत्र विषय आहे तो याकरिताच. ज्यास शक्य आहे त्याने मराठी ठेवावी, आणि वक्तृत्वाच्या स्पर्धेपासून दूर पळू नये.

काही कनिष्ठ महाविद्यालयांत पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय किंवा पीकशास्त्र असे द्विलक्ष्यी विषय असतात; ते २०० गुणांचे असून दुसरी भाषा व एक शास्त्रविषय यांच्या जागी येतात. ते उपयोगी आहेत, पण त्यांच्यासाठी कोणता शास्त्रविषय सोडावयाचा हे डोळे उघडे ठेवून पाहावे. जीवशास्त्र सोडून पशुविज्ञान घेतले तर पशुवैद्यकाचे दार बंद होते, ही गंमत नव्हे, वस्तुस्थिती आहे. तद्वत दहावीनंतरची पशुसंवर्धनाची पदविका ही पदवी नव्हे. पदविका घेणारे बंधू गावोगाव मोलाचे काम करितात आणि मी त्यांस कमी लेखीत नाही. परंतु १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यावाचून इतरांस फक्त किरकोळ उपचार, तेही त्याच्या देखरेखीखाली, करिता येतात. मुलास काय व्हावयाचे आहे ते आधी ठरवावे आणि मग अर्ज करावा.

आता पालकांच्या कपाळावरील आठ्यांविषयी. माणसांच्या डॉक्टरकीची व गुरांच्या डॉक्टरकीची परीक्षा एकच असल्याने असे झाले आहे की, पहिलीकडे ज्याचे गुण पुरत नाहीत तो दुसरीकडे वळतो, आणि घरचे लोक ‘निदान हे तरी’ असे म्हणतात. मुलगा साडेपाच वर्षे ‘निदान हे तरी’ शिकत राहतो! अशा मनाने रात्री दोन वाजता कोणाच्या गोठ्यात खांद्यापर्यंत हात घालून आडवे आलेले पारडू कोणी फिरवील, असे मला वाटत नाही. या विद्येचा इतिहास पाहा. फ्रान्समध्ये लिओं शहरी १७६१ साली पहिली पशुवैद्यक शाळा निघाली ती गुरांच्या बुळकांडीने गावेच्या गावे उजाड होत होती म्हणून. आपल्या देशात याच रोगासारख्या साथींच्या संशोधनासाठी १८८९ साली पुण्यास प्रयोगशाळा निघाली, ती पुढे हिमालयात मुक्तेश्वर येथे गेली. आणि २०११ साली बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. मनुष्याने समूळ नाहीसे केलेले रोग आजवर दोनच: माणसांतील देवी व गुरांतील बुळकांडी. दुसरा ज्यांनी घालविला त्यांच्या घरच्यांनीही कदाचित कपाळास आठ्या घातल्या असतील.

धर्मगुरूने या विषयात का पडावे, असेही कोणी विचारील. प्रभू येशूने परूश्यांशी बोलताना विहिरीत पडलेल्या बैलाचा दाखला घेतला आहे. तो वाचताना एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. बैलास वर काढावे की काढू नये, हा तेथे वादच नव्हता. आपल्यासमोर बसलेला कोणीही मनुष्य, मग तो शब्बाथ कितीही कडक पाळणारा असो, बैलास तसा टाकून जाणार नाही, हे प्रभूने गृहीत धरले आणि त्यावर आपली शिकवण उभी केली. तेव्हा त्या बैलास वर काढण्याची विद्या ज्याच्याजवळ आहे त्याचा धंदा हलका, असे ख्रिस्ती माणसाने म्हणू नये. संत आल्बर्ट यांच्यासारख्या थोर धर्मपंडिताने प्राण्यांवर २६ भागांचा ग्रंथ लिहिला, आणि १७ जानेवारीस संत आंतोन मठाधिपती यांच्या सणाला ख्रिस्ती जगात ठिकठिकाणी जनावरांस आशीर्वाद देतात. आपल्या गावी बेंदराला बैल सजविणाऱ्या शेजाऱ्यास हे सांगा; त्यास काही नवल वाटणार नाही.

मुलींविषयीही एक शब्द. हे काम मुलींचे नव्हे, असे येथे अजून बोलतात. ज्या घरांत हे बोलतात त्यांतल्या म्हशींची धार, शेण, वैरण व बाळंतपण आई आणि मुलगीच पाहतात.

सांगावयाचे ते बहुतेक झाले. ज्यांचा विचार होत असेल त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी हे काम जवळून पाहावे, अशी माझी अट आहे. आपल्या भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांशी मी बोललो आहे. दहावीची परीक्षा दिलेल्या मुलामुलींस, एका वेळी दोघांस, सुटीत आठ दिवस सकाळी आपल्याबरोबर फिरू देण्यास ते तयार आहेत. रक्त पाहून चक्कर येते असे ज्यास वाटते त्यानेही यावे; येते की नाही ते तेथे कळेल. नावे रविवारच्या मिस्सानंतर माझ्याकडे द्यावीत, सोबत पालकांची संमती असावी, आणि चिखलात चालण्याजोगे बूट प्रत्येकाने स्वतःचे आणावेत. विषय निवडण्याचा कोरा अर्जही मजकडे आणून ठेविला आहे. तो महाविद्यालयाच्या खिडकीपुढे भरण्याऐवजी येथे बसून, आईवडिलांच्या देखत, पेन्सिलीने आधी भरून पाहावा.